थांबलेल्या चित्रातला चोर

“आज संध्याकाळच्या चहाच्या आत चोर माझ्या हातात असेल!”

अनंतरावांनी कप बशीवर असा आपटला, की चोर राहिला बाजूला, बिचाऱ्या बशीनेच गुन्हा कबूल करावा! सुनंदाबाई नुसतं “बरं” म्हणाल्या. बहुतेक गोष्टी त्या ‘बरं’वरच भागवत. आणि आज तर जास्त बोलायला अंगात त्राणही नव्हतं. सोमवारपासून त्या दूध आणि केळ्यावर होत्या.

चोरीला गेला होता बाळकृष्ण. अंगठ्याएवढा, चांदीचा, रांगता, हातात लोण्याचा गोळा. सासूबाईंनी गुहागरच्या देव्हाऱ्यातून उचलून लग्नात त्यांच्या ओटीत घातलेला. रोज सकाळी त्याला न्हाऊ घालायचं, गंध लावायचं, तुळस वाहायची आणि मगच तोंडात शिजलेलं अन्न घालायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. अनंतरावांच्या नोकरीपायी सिल्वासाच्या सरकारी वसाहतीत बिऱ्हाड आलं, इथल्या पाण्यात डाळ शिजेना, नळाला पाणी कधी पहाटे यायचं तर कधी भरदुपारी. पण नेम म्हणून मोडला नाही. आणि रविवारी अधिकातली सत्यनारायणाची पूजा यथासांग पार पडली न पडली, सोमवारी देव्हारा उघडतात तो बाळकृष्णाची जागा रिकामी!

घर उलटंपालटं झालं. चौरंगाखाली बघितलं, तांब्यात बघितलं, निर्माल्याची पिशवी दमणगंगेवर निघाली होती ती जिन्यातून परत आणून उपसली. अनंतरावांनी तर गणपतीच्या मूर्तीमागेही टॉर्च मारला, जणू दोघं मिळून लपाछपी खेळत असावेत!

“तू त्याला देव्हाऱ्यात ठेवलास ना नक्की?”

“दर पूजेनंतर ठेवते की.”

“या वेळी?”

“दर पूजेनंतर ठेवते म्हणजे या वेळीही ठेवला असणारच ना हो!”

घरात नाही, म्हणजे कोणीतरी नेला. अनंतरावांनी निष्कर्ष काढला. पूजेला अर्धी वसाहत आली होती. “तुला कुणाचा संशय येतो?”

इथे मोठीच पंचाईत होती. अधिक महिन्यात सुनंदाबाई काहीतरी सोडत. मागच्या अधिकात वांगं सोडलं होतं. यंदा विचार केला, वांग्याने कोणाचं काय बिघडवलंय? बिघडतं ते जिभेने. म्हणून यंदा त्यांनी दुसऱ्याला नावं ठेवणं सोडलं होतं. महिनाभर कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, वाईट सुचवायचं नाही, मानेनेसुद्धा नाही! वांगं किती सोपं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

“मी कोणाचं नाव घेणार नाही. माझा नेम आहे.”

“अगं, चोराला चोर म्हणायलाही बंदी?”

“जो कोण असेल तो चांगलाच असेल,” सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. अनंतरावांनी कपाळावर हात मारला.

पण अनंतरावांकडे हुकमाचा एक्का होता. पूजेचं व्हिडिओ शूटिंग! ते केलं होतं नवनाथने. नवनाथ सहा दिवस नरोलीला सुताच्या कारखान्यात मशीनवर आणि सातव्या दिवशी खांद्यावर कॅमेरा. अनंतरावांनी त्याच्या मागे लागून मंगळवारीच शूटिंगची सीडी करवून घेतली आणि वापीहून आणलेल्या आपल्या नव्या कॉम्प्युटरवर लावली. दोघं नवराबायको डोळ्यांत तेल घालून बसले. आणि काय दिसलं? नवनाथचा जीव बाळकृष्णापेक्षा पुरीवर जास्त होता! पुरी लाटताना, पुरी फुगताना, पुरी ताटात पडताना! मधेच देव बदामाच्या आकारात यायचा आणि गरगर फिरत तारा होऊन निघून जायचा. त्यात कॉम्प्युटर झटके देत चालणार. कोण आलं, कोणी हात लावला, कोण गेलं, काही म्हणजे काही कळेना.

“बघितलंस? चालत्या चित्रात चोर पळून जातो,” अनंतराव म्हणाले. “थांबलेल्या चित्रात तो पळणार कुठे? या व्हिडिओतून फोटो काढले पाहिजेत!”

आणि म्हणून बुधवारी किरकोळ रजा टाकून, कप आपटून, त्यांनी वरची घोषणा केली होती.

दहाच्या सुमाराला रमाकांत आले. हे अनंतरावांचे ऑफिसातले मित्र, मूळचे मुंबईचे, आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असं ते स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्यांनी ते मान्य केलेलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक फ्लॉपी काढली.

“वहिनी, एवढंसं सॉफ्टवेअर आहे! पण व्हिडिओतून फोटो असे सोलून काढतं, जसे शेंगेतून मटार!”

“बरं,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सवयीने फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं. नवीन वस्तू घरात आली की त्या वाहतच. रमाकांतांनी ती घाईघाईने रुमालाने पुसली. “वहिनी, आत कुंकू गेलं तर मशीन जायचं!”

सॉफ्टवेअर सुरू झालं. कॉम्प्युटर घरघंटीसारखा घरघरू लागला. बराच वेळ घरघरला, मग गप्प झाला आणि पडद्यावर इंग्रजीत म्हणाला, की आता माझ्या पोटात जागा नाही. बघतात तर हजारो फोटो! आणि सगळे कसले? दारावरच्या झेंडूच्या तोरणाचे! नवनाथने सुरुवात तोरणापासून केली होती, आणि सॉफ्टवेअरने व्हिडिओचा एकेक क्षण सुटा करायचं मनावर घेतलं होतं. तोरण, तोरण, तोरण! एवढी फुलं तर बाजारातही नव्हती!

“जरा जास्तच बारीक दळलं,” रमाकांत म्हणाले. त्यांनी कुठलीशी चौकट शोधली आणि दर पाच सेकंदांना एकच फोटो घ्यायला सांगितलं. तोरणं पुसून टाकली. पुन्हा घरघर. या वेळी मात्र पूजा पहिल्यापासून शेवटपर्यंत फोटो होऊन बाहेर आली.

सुनंदाबाई स्टुलावर येऊन बसल्या आणि बघता बघता त्यांना कसंसंच व्हायला लागलं. चालताबोलताना जी माणसं एवढी सभ्य दिसतात, ती मधेच थांबवली की अशी दिसतात? प्रभाकर गुरुजी मंत्र म्हणताना जणू आख्खा कलश गिळायला निघालेले! अनंतरावांच्या कार्यालयातले मोठे साहेब नमस्काराला वाकलेले, ते चपला शोधत असल्यासारखे! रमाकांतांचं बोट... जाऊ द्या. नेम होता म्हणून सुनंदाबाईंनी त्या फोटोवरून नजर काढून घेतली.

“हा फोटो पुढे घ्या,” रमाकांत घाईने म्हणाले.

एकाचे डोळे मिटलेले, एकीचं तोंड वाकडं, एकाचा हात भलतीकडेच. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण चोर दिसत होता! प्रत्येकाचा हात चौरंगाच्या दिशेने, प्रत्येकाची नजर बाजूला!

“हे बघ! या फोटोत बाळकृष्ण आहे,” अनंतराव पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. चौरंगावर कलश, कलशावर तांदळाचं ताम्हण, तांदळावर बाळकृष्ण. “आता पुढचा... नाही! चोरी झाली!”

“त्याच्या पुढचा?” रमाकांत.

“अजून नाही. अजून नाही. अजून... अरे! आहे!”

“आहे?”

“परत आला! आणि आता पुन्हा गेला!”

तिघंही पडद्याला नाक लावून बसले. बाळकृष्ण होता. नव्हता. होता. बराच वेळ नव्हता. मग एकदम होता, आणि गालातल्या गालात हसत होता!

“चोराने रंगीत तालीम केली,” अनंतरावांनी सिद्धांत मांडला. “आधी नेऊन बघितला, कोणाचं लक्ष नाही अशी खात्री केली, मग परत ठेवला!”

“इतक्या वेळा?”

“नवशिका असेल.”

“किंवा दोघं असतील,” रमाकांतांनी आवाज खाली आणला. “एक नेतो, दुसऱ्याला पश्चात्ताप होतो, तो आणून ठेवतो. मग पहिला परत नेतो!”

सुनंदाबाईंचं लक्ष मात्र तिकडे नव्हतंच. त्या फोटोंतल्या गुरुजींना बघत होत्या. एका फोटोत गुरुजी पाय धुवून घरात येत होते. पुढच्यात शंख फुंकत होते. त्याच्या पुढच्यात ढेकर देत होते! जेवून, हात धुऊन, दक्षिणा घेऊन गुरुजी निवांत सुपारी कातरत होते, आणि त्याच्या पुढच्या फोटोत अनंतराव हातावर पाणी घेऊन संकल्प सोडत होते! आरती झाली, मग गणपतीपूजन. प्रसाद वाटला, मग शिरा भाजायला घेतला!

“अहो,” त्या घाबरून म्हणाल्या, “आपली पूजा उलटीसुलटी झाली का हो?”

“आता मधे तुझं काय?”

“नैवेद्याच्या आधी प्रसाद वाटलेला दिसतोय. मला तर सगळं नीट आठवतंय. पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळायचंय?” त्यांचे डोळे भरून आले. “म्हणूनच रुसून गेला असेल तो.”

त्या उठल्या आणि बाहेरच्या खोलीतून त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी दादऱ्याला राहत. जेवायला बसण्याच्या बेतात होते.

“गुरुजी, रागावू नका. रविवारी आपण संकल्प आधी केला होता का जेवण?”

“काय म्हणालात, वहिनी?”

“नाही, म्हणजे... फोटोत आपण आधी ढेकर देताय आणि मग आचमन करताय.”

“वहिनी! माझे आजोबा काशीला शिकले होते!”

“हो ना. म्हणूनच मला वाटलं, काशीकडे अशीच पद्धत असेल.”

गुरुजींनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे, आवाज दादऱ्याहून थेट ऐकू यावा असा ठेवला!

सुनंदाबाई परत येतात तो दोघे पुरुष विजयी मुद्रेने उभे. पडद्यावर एक फोटो, आख्खा पडदाभर मोठा केलेला. शेजारच्या कमळाबाई! डोक्यावर पदर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं बरोब्बर बाळकृष्णावर!

“आणि हा याच्या लगेच पुढचा,” अनंतरावांनी बटण दाबलं. ताम्हण तेच. बाळकृष्ण नाही!

“हात, आणि गायब!” रमाकांत म्हणाले. “याला म्हणतात पुरावा.”

कमळाबाई म्हणजे धुळ्याकडच्या. नवरा सुकदेव कारखान्यात फिटर. वसाहतीच्या कुंपणाला लागून चाळ होती, तिथे राहत. सुनंदाबाईंच्या घरी दही विरजलं की त्यातलं विरजण तिकडे जाई आणि तिकडची कळण्याची भाकरी इकडे येई. “कमळाबाई? छे हो!” सुनंदाबाई म्हणाल्या. “त्या फार चांगल्या आहेत.”

अनंतरावांनी रमाकांतांकडे बघितलं. रमाकांतांनी अनंतरावांकडे बघितलं.

“हिने वाईट बोलणं सोडलंय,” अनंतराव कुजबुजले. “म्हणजे ही जिला ‘फार चांगली’ म्हणते...”

“...तिच्यावर वहिनींचा दाट संशय आहे!”

“अहो नाही! त्या खरंच चांगल्या आहेत!”

“बघ, दोनदा म्हणाली!”

आता काय करायचं? वाईट म्हणता येत नाही आणि चांगलं म्हटलं तर वाईट समजतात! सुनंदाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या याचाही दोघांनी भलताच अर्थ काढला. रमाकांतांनी फोटो प्रिंटरला लावला. प्रिंटर खर्र खर्र करत कमळाबाईंना वरून खाली एकेक रेघ बाहेर काढू लागला. आधी पदर, मग कुंकू, मग डोळे...

“वहिनी, हायेत का घरात?”

नाक बाहेर आलं आणि दारात खुद्द कमळाबाई उभ्या! हातात वाटी.

“विरजण पाहिजे होतं जरासं... माय वं!” त्यांची नजर पडद्यावर गेली. “ही तं मीच! माय माय, केवढी मोठी काढली मला! टीव्हीवर!”

अनंतराव पडद्यासमोर आडवे उभे राहिले. पण त्यांची पाठ ती केवढी! दोन्ही बाजूंनी कमळाबाई दिसत होत्याच. मागे प्रिंटरने हनुवटीही बाहेर काढली.

“आणि कागदावर पण! भाऊ, हे माझ्यासाठी काढून राहिले का तुम्ही?” कमळाबाई हरखल्या. “लग्नानंतर फोटोच नाही वं माझा एक. ह्यांना म्हनते, काढू काढू, तं म्हनतात, तोंड रोजच बघतो, फोटो कशाले? एक काढा अजून. धुळ्याला आईला पाठवते. देवाच्या पाया पडतानाचा, किती चांगला आला!”

अनंतराव गोंधळले. त्यांच्या उभ्या आयुष्यात पुराव्याची दुसरी प्रत मागणारा चोर त्यांना भेटला नव्हता!

“तो... तो फोटो नाही,” रमाकांतांच्या तोंडून निसटलं. “पुरावा आहे.”

“कशाचा?”

प्रिंटरने शेवटची रेघ काढली आणि तो थांबला. कमळाबाईंनी पडद्याकडे बघितलं, रिकाम्या देव्हाऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू विझवल्यासारखं गेलं.

“मी नेला म्हनता बाळकृष्ण? मी?” त्या सुनंदाबाईंकडे वळल्या. “वहिनी, तुम्ही बोला. मी चोरटी आहे का?”

कमळाबाईंवर आळ घेणाऱ्या या दोघांना खडसावून चार शब्द सुनावावेत, असं सुनंदाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणजे नवऱ्याला नावं ठेवणं! तेही अधिकात! पोटात अन्न नाही, डोक्यात फोटोंचा भुगा, आणि जिभेला नेमाचं कुलूप. त्या कशाबशा म्हणाल्या, “तुम्ही... फार चांगल्या आहात.”

“एवढंच?” कमळाबाईंचा आवाज चिरका झाला. “सगळा मोहल्ला चोर म्हनो, पन तुम्ही म्हनायचं होतं ना वं, की माझी कमळा असं करनार नाही! चांगल्या म्हने! चांगली तं म्हैस पन असते! राहू द्या तुमचं विरजण. आन् थांबा, तुमच्या घरचं जे जे माझ्या घरात असंन ते सगळं आनून टाकते. एक शीत नको मला!”

आणि त्या तरातरा निघून गेल्या. वाटी स्टुलावरच राहिली.

“गुन्हेगार नेहमी आरडाओरडा करतो,” रमाकांत म्हणाले, पण पायात चपला घालत. “मी निघतो. ऑफिसात सही राहिलीय.” पुरावा त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

अनंतराव खुर्चीत बसले. आता त्यांचाही चेहरा पडला होता. “केळं तरी खा,” ते म्हणाले.

“नको.”

“मग काय करणार आहेस?”

“बघते जरा,” त्या म्हणाल्या आणि पडद्यापुढे बसल्या. काय बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कमळाबाईंचा तो पाया पडतानाचा चेहरा बघवेना, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बाळकृष्ण आहे, नाही, आहे. त्यांची नजर चौरंगाशेजारच्या परडीवर अडकली. तुळशीची परडी.

बाळकृष्णाला सहस्र तुळशी वाहिल्या होत्या. एकेक नाव घेत एकेक पान. त्यासाठी त्यांची स्वतःची तुळस बोडकी झाली, कमळाबाईंची तुळस बोडकी झाली, आणि तेव्हा कुठे ती एक परडी भरली. या फोटोत परडी भरलेली होती. पुढच्यात अर्धी. पुढच्यात रिकामी. आणि पुढच्यात पुन्हा काठोकाठ!

“अहो,” सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. “रिकामी झालेली परडी परत भरली कशी? वसाहतीत तुळशीचं एक पान उरलं नव्हतं.”

अनंतराव वाकून बघू लागले. “या फोटोचा नंबर बघ. शंभर ते एकशेनऊ झाले... आणि हा अकरा?”

“शंभरानंतर अकरा?”

“आणि एकानंतर दहा, दहानंतर शंभर!” अनंतराव खुर्चीवरून उठलेच. “अगं, याने एकापासून सुरू होणारे सगळे आकडे एका ओळीत उभे केलेत! मग दोनचे सगळे! कपाळ माझं! हे पहिलीतल्या मुलासारखं नुसता पहिला आकडा बघतंय!”

म्हणजे पूजा उलटी झाली नव्हती! सुनंदाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. प्रभाकर गुरुजींनी काशीची अब्रू राखली होती. मग दोघांनी मिळून फोटो खऱ्या क्रमाने बघायला घेतले. अनंतराव नंबर शोधून लावत, आणि सुनंदाबाई परडीकडे बघून मान हलवत. बाळकृष्ण आहे. आहे. कमळाबाई पाया पडल्या, तरी आहे! त्यांच्या बोटांखाली होता तसा हसतोय. मग तुळशी सुरू झाल्या. त्याचे गुडघे बुडाले. मग लोणी बुडालं. मग मुकुट. आणि मग नुसता हिरवा ढीग.

“तो गेलाच नव्हता,” अनंतराव म्हणाले. “तुझ्या तुळशीखाली होता!”

“मग तुळशी काढल्यावर?”

आरती झाली. प्रसाद झाला. संध्याकाळी गुरुजींनी उत्तरपूजा केली. सुनंदाबाईंनी ओंजळीओंजळीने तुळस काढून निर्माल्यात टाकली. ताम्हणात नुसते तांदूळ! सपाट, पांढरे. एवढ्या पानांच्या भाराने, माणसांच्या नमस्कारांनी, आरतीच्या हलवाहलवीने तो अंगठ्याएवढा जीव केव्हाच आत खोल रुतला होता. आणि आता सुनंदाबाईंना हळूहळू एकेक आठवायला लागलं. गुरुजी म्हणाले होते, ‘स्कूटरवर एवढं ओझं नको, हे तांदूळ कोणा सवाष्णीला शिधा म्हणून द्या.’ तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली होती, ‘वहिनी, पंगत बसली, पुऱ्या कमी पडतायत!’

पुढचा फोटो आला. हा फोटो त्यांनी सकाळीही बघितला होता. पण तेव्हा तो गुरुजी पूजा मांडत असतानाच्या फोटोंत घुसला होता, त्यामुळे तिघांनीही ‘ही तर तयारी’ म्हणून पुढे ढकलला होता. फोटोत स्वतः सुनंदाबाई होत्या. चेहरा स्वयंपाकघराकडे वळलेला. दोन्ही हातांत ताम्हण, ताम्हण एका स्टीलच्या डब्यावर वाकडं केलेलं, आणि तांदळाची धार डब्यात पडता पडता मधेच थांबलेली. त्या धारेत, ताम्हणाच्या काठाच्या आणि डब्याच्या तोंडाच्या बरोब्बर मधोमध, बाळकृष्ण! उलटा, पाय वर, लोण्याचा गोळा पुढे धरून अधांतरी रांगत निघालेला!

अनंतरावांनी डब्यावर बोट टेकवलं.

“हा डबा...” अनंतरावांनी विचारलं.

“शिधा दिला. कमळाबाईंना.”

“म्हणजे बाळकृष्ण तिच्याच घरी आहे! म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर!... म्हणजे चूक!... म्हणजे...” अनंतराव स्वतःच्याच वाक्यात अडकले.

“अहो, त्यांनी तो भात रांधला असेल तर?”

या विचाराने सुनंदाबाई जागच्या जागी थिजल्या. बाळकृष्ण कुकरमध्ये! तीन शिट्ट्या! त्या धडपडत उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून दारापर्यंत पोचल्या, आणि दारातच कमळाबाईंशी आदळता आदळता वाचल्या.

“हे घ्या!” कमळाबाईंनी उंबऱ्यावर एकेक वस्तू मांडली. विरजणाचं वाडगं. सुईदोरा. मागच्या संक्रांतीचं वाण. “हा चमचा. ही गाळणी. आन् हा तुमचा शिधा, झाकणसुद्धा काढलं नाही! यांची नाइट शिफ्ट चालू आहे म्हनून ठेवला होता. म्हटलं, पाळी बदलली की रांधीन, देवाचा भात सगळ्यांनी संगं खावा. आता नको! एक दाना नको तुमचा!”

डबा तोच होता.

सुनंदाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. कमळाबाई बघतच राहिल्या. “काय करता वं, मोजता का? एक मूठ कमी नाही!”

हात बाहेर आला. मुठीत चांदीचा बाळकृष्ण. कानात तांदूळ, लोण्याच्या गोळ्याला तांदूळ, आणि चेहऱ्यावर तेच हसू!

“माय वं!” कमळाबाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मग त्यांचे डोळे भीतीने मोठे झाले. “माझ्याच घरात होता? वहिनी, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं हो! मी नाही...”

“तुम्ही नाही,” सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी कमळाबाईंचा हात धरून आत नेलं आणि पडद्यासमोर उभं केलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आज त्यात अडखळ नव्हती. “हा बघा चोर. ताम्हण वाकडं धरलेला. नजर पुऱ्यांकडे. विसरभोळा, वेंधळा, आणि वर तीन दिवस उपास करून सगळ्या घराला वेठीला धरणारा! माझी कमळा असं करणार नाही, हे ज्याला वेळेवर म्हणता आलं नाही, तो!”

कमळाबाई फोटोकडे बघत राहिल्या. अधांतरी रांगणारा बाळकृष्ण बघून त्यांचे ओठ थरथरले. रडतात की काय, असं अनंतरावांना वाटलं. पण त्यांना हसू फुटलं होतं! “कसा पाय वर करून चालला वं! चाळीत येन्याची काय घाई त्याला!” आणि मग हसता हसताच त्यांनी पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात अनंतरावांनी घड्याळाकडे बघितलं. चहाची वेळ झाली होती.

“म्हटलं नव्हतं?” त्यांची छाती पुन्हा फुगली. “चालत्या चित्रात पळतो, थांबलेल्या चित्रात सापडतो! चहाच्या आत! हा फोटो मी मोठा करून घेणार आणि दिवाणखान्यात लावणार!”

“आधी माझा द्या तो,” कमळाबाई म्हणाल्या. टेबलावर पालथा पडलेला पुरावा त्यांनी उचलला, निरखून बघितला आणि घडी पडणार नाही असा नीट पदराखाली घेतला. “आन् वहिनी, तुम्ही आधी देवाला आंघोळ घाला न् दोन घास खा. तोवर भात मी टाकते, याच तांदळाचा. ह्यांना पन उठवून आनते.”

बाळकृष्णाची आंघोळ झाली. कानातले तांदूळ निघाले. शिध्याचा भात, वर साजूक तूप, आणि सुकदेव डोळे चोळत पाटावर बसलेले. सुनंदाबाईंनी पहिला घास घेतला आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. एक शंका आली होती. आपण आत्ता चोराला विसरभोळा म्हटलं, वेंधळा म्हटलं. मग नेम मोडला का? दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हे ठरलं होतं. स्वतःला ठेवलेली चालतात का?

घास ताटात ठेवून त्या उठल्या, आणि “अगं, आता जेव तरी!” असं अनंतराव ओरडेपर्यंत त्यांनी दादऱ्याचा फोन फिरवलाही होता. सगळी हकिकत सांगून त्यांनी शंका विचारली.

प्रभाकर गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्या यंत्राला विचारा, वहिनी,” ते म्हणाले. “आधी ते उत्तर देईल. मग तुम्ही प्रश्न विचारा!”